ओपन स्पेसचा सातबारा

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज दोन आकडे छापून येतात, एक कुलाब्याचा आणि एक सांताक्रूझचा. 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 74. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर एवढ्या मोठ्या मुलखाचा पाऊस सांताक्रूझच्याच नावावर का जमा होतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विमानांना हवामान केंद्र लागते आणि पर्जन्यमापकाला उघडी जागा लागते. दोन्ही विमानतळाच्या आवारात जमले. पर्जन्यमापक बसवताना शेजारची भिंत किंवा झाड जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखावे लागते. नाही तर वाऱ्याने तिरका आलेला पाऊस भांड्यात पडतच नाही आणि आकडा खोटा ठरतो. म्हणजे 944 मिलिमीटर पाऊस नेमका मोजता यावा एवढी मोकळी जमीन सांताक्रूझकडे होती. ते पाणी घटकाभर थोपवून धरता यावे एवढी मात्र उरली नव्हती.

ही तफावत एका रात्रीत पडलेली नाही. 'ओपन स्पेस' हा शब्द आज मुंबईत सगळ्यांच्या तोंडी आहे. सोसायटीच्या सभेत तो निघतो, पालिकेच्या विकास आराखड्यात तो हिरव्या रंगाने भरलेला असतो, बिल्डरच्या माहितीपत्रकात तो टक्केवारीत येतो. पण जमिनीविषयी तो एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे तिच्यावर इमारत नाही. तिच्यावर काय चालते, कोणाचे पोट तिच्यावर आहे, पावसाचे पाणी तिथे येऊन थांबते की नाही, यातले काहीही त्या शब्दात मावत नाही. माझे म्हणणे असे आहे की, सांताक्रूझमध्ये जी जमीन मोकळी राहिली ती नुसती मोकळी होती म्हणून राहिली नाही. मोकळेपणावाचून ज्याचे अडते असे काही तरी काम तिथे चालू होते, म्हणून राहिली. ते काम बंद पडले किंवा कागदावरून पुसले गेले, की तिच्यावर भराव पडला. दीडशे वर्षांत भाताची खाचरे, गुरचरण, खाडीकाठचे खाजण, चांदमारीचे रान या सगळ्यांच्या वाट्याला हेच आले, आणि प्रत्येक वेळी आधी कागदावरचा शब्द बदलला, मग जमीन.

सांताक्रूझ हा साष्टी बेटाचा भाग. पूर्वेला कोळेकल्याण, वाकोला, कलिना, पश्चिमेला जुहू आणि तारा, दक्षिणेला खार आणि दांडा. 1737 मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, आणि 1774 च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतल्यावर इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली तरी या जमिनीचा धंदा एकच होता, भात. चढावर गोडे भात, खाडीच्या अंगाला खारे भात. खाऱ्या जमिनीत नांगर चालत नाही. तिथे मोड आणलेले बियाणे चिखलात फेकायचे आणि पावसाने मीठ धुऊन जाण्याची वाट पाहायची. समुद्राला अडवायला बांध, आणि बांधाला उघाडी. भरतीला उघाडी मिटते, ओहोटीला उघडते आणि खाचरातले जादा पाणी खाडीत सोडते. परक्या माणसाला पावसाळ्यानंतर जे नुसते ओसाड चिखलरान दिसावे, ते असे दिवसातून दोनदा श्वास घेणारे यंत्र होते. सांताक्रूझ पश्चिमेला गझदरबांध हे नाव अजून टिकून आहे. आता तिथे पालिकेचे पर्जन्यजल उदंचन केंद्र आहे. जे काम उघाडी फुकटात करीत असे तेच आता विजेच्या पंपांना करावे लागते.

भाताच्या खाचरांना लागून असे ती वरकस जमीन. मुरमाड, चढउताराची, गवताची. तिच्यावर पीक म्हणावे असे फार काही नसे, पण तिच्यावाचून भात होत नसे. उन्हाळ्यात गवत, पालापाचोळा, झाडांची छाटलेली डहाळी आणि वाळलेले शेण असे थर रोपाच्या तुकड्यावर पसरायचे, वरून थोडी माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचे. याला राब भाजणे म्हणतात. आच सावकाश खाली उतरते, तणाचे बी जळते, आणि पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत पेरलेले भात तरारून येते. तिथूनच रोपे उचलून खाचरांत लावणी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला खाचराबरोबर वरकस तुकडा हवाच असे, तो यासाठी. राब कमी पडला तर रोपे कमी, आणि रोपे कमी तर खाचर पडीक. तेव्हा साष्टीतल्या गावात मोकळी जमीन म्हणजे उरलेली जमीन नव्हे. ती भाताच्या हिशेबातली निम्मी बाजू होती.

महसूल खात्याला ही निम्मी बाजू दिसत नव्हती असे नाही. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये या शेतीचे वर्णन बारकाईने दिलेले आहे. पण वर्णन वेगळे आणि कायदा वेगळा. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या 37व्या कलमाने जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती सरकारची ठरली. 38व्या कलमाने कलेक्टरला गावाच्या गुरांसाठी चराई किंवा इतर खास कामांसाठी जमीन राखून ठेवता येऊ लागली, आणि तशी राखलेली जमीन त्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नसे. म्हणजे कलम 38 प्रमाणे जमिनीला काम होते, कलम 37 प्रमाणे फक्त मालक होता, आणि तोही गाव नव्हे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ही दोन्ही कलमे नव्या क्रमांकांनी तशीच पुढे आली. उपनगरांत गुरे संपली तेव्हा गुरचरण हे काम संपले आणि उरली नुसती सरकारी पड.

यावर कोणी म्हणेल, सगळे इंग्रजांच्या माथी कशाला? खाडी बुजवणे हा उद्योग त्यांच्या आधीचा आहे. ते खरेच आहे. समुद्राकडून बांध घालून मिळवलेल्या जमिनीला साष्टीत शिलोत्री म्हणत, आणि अशी जमीन उठवणाऱ्याला सवलतीचा कौल देण्याची रीत पोर्तुगीज, मराठे आणि कंपनी या तिघांच्याही अमलात होती. पडीक जमीन लागवडीला आणली की सरकारचा वसूल वाढतो, हे पेशव्यांच्या कमाविसदाराला कोणी इंग्रजीतून शिकवले नव्हते. पण शिलोत्रीचा बांध आणि आजचा भराव यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बांधामागे भात होते, आणि भात म्हणजे चार महिने साचवलेले पाणी. खाजणाचे खाचर झाले तरी पावसाला तिथे थारा होता. भरावाचा सगळा उद्देशच पाण्याला थारा नसावा हा असतो. जुन्या सरकारांना जमिनीवर उत्पन्न हवे होते, नव्यांना जमीन हेच उत्पन्न झाले, आणि माझ्या मते दोष इंग्रजीचा नसून या उलटापालटीचा आहे. इंग्रजी शब्दाने ती सोपी केली, एवढेच.

सांताक्रूझच्या मोकळेपणाला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते हवेसाठी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गिरगाव-मांडवीच्या कोंदट चाळींतून ज्यांना परवडले ते साष्टीकडे सरकले. महात्मा गांधींनी आत्मकथेत 1902 मधली आपली घरशोधणी सांगितली आहे. गिरगावातले घर दमट आणि अंधारे. मुलगा विषमज्वरातून उठलेला. वांद्रे पाहिले, तर तिथे कत्तलखाना. घाटकोपर पाहिले, तर समुद्र लांब. शेवटी सांताक्रूझला एक हवेशीर बंगला भाड्याने घेतला आणि चर्चगेटचा पहिल्या वर्गाचा पास काढला. पुढे 1924 मध्ये येरवड्याच्या कैदेतून सुटका झाल्यावर, शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी ते जुहूला राहिले, तेही समुद्राच्या मोकळ्या हवेसाठीच. वकील, व्यापारी, डॉक्टर अशा पुष्कळांनी हेच केले. 1915 साली मुंबई नगररचना कायदा झाला, 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, आणि वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले या पट्ट्यात खाचरांचे चौकोनी प्लॉट आखले गेले. हवा हा विकाऊ माल झाला. गंमत अशी की हवा विकायची म्हणजे ती ज्या जमिनीवरून वाहते तीच विकायची. प्रत्येक नव्या बंगल्याने आधीच्या बंगल्याची थोडी हवा घेतली. तिच्या बदल्यात कायद्याने घराभोवती सोडायची पट्टी दिली. नगररचनेच्या मराठीत तिला सामासिक अंतर म्हणतात आणि पालिकेच्या कारकुनापासून वास्तुविशारदापर्यंत सगळे तिलाही 'ओपन स्पेस'च म्हणतात. गावाचे गुरचरण आणि दोन इमारतींमधली कपडे वाळत घालायची पट्टी एकाच नावाखाली आली, ती इथे.

पण सांताक्रूझचे मोठे मोकळे रान वाचले ते हवेमुळे नव्हे, विमानामुळे. जुहूला 1928 मध्ये विमानतळ सुरू झाला, भारतातला पहिला नागरी विमानतळ. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातल्या नियमित हवाई टपालाची ही सुरुवात. जुहूची ही जमीन म्हणजे खाजणाचीच सपाटी होती. पावसाळ्यात तिच्यावर इतके पाणी साचे की टाटांची टपालसेवा चार महिने पुण्याला हलवावी लागे. त्या काळापर्यंत जमिनीने आपले जुने काम सोडले नव्हते, हे यावरून कळते. आठ महिने उड्डाण, चार महिने पाणी. दुसऱ्या महायुद्धात बारमाही तळ हवा झाला. 1942 च्या सुमारास रॉयल एअर फोर्सने पूर्वेकडे, कोळेकल्याण-सहार-मरोळच्या शिवारात मोठा तळ उभारला. युद्ध संपल्यावर तो नागरी खात्याकडे आला, विमाने ठेवायच्या दोन शेडचे प्रवासी टर्मिनल झाले, आणि 'सांताक्रूझ' हे नाव परदेशी प्रवाशांच्या तिकिटांवर गेले.

काम असते तोवरच जमीन मोकळी राहते, याला मुंबईतच एक जुना दाखला आहे. कोटाबाहेरचे एस्प्लनेड, म्हणजे आजची ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने ज्या पट्ट्यातून उरली तो पट्टा, कोणी फिरायला जावे म्हणून मोकळा सोडलेला नव्हता. किल्ल्यावरच्या तोफांना मारा करायला रान मोकळे हवे होते, म्हणून तिथली घरे आणि झाडे काढली होती. 1803 च्या मोठ्या आगीनंतर हे रान आणखी रुंदावले. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडले, तोफेचे काम संपले, आणि लगोलग त्याच रानावर हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय उभे राहिले. जे उरले ते खेळामुळे. तिथेही गोऱ्यांच्या पोलोचे घोडे पारशी-हिंदू पोरांच्या क्रिकेटची खेळपट्टी तुडवीत, आणि त्यावर सरकारकडे अर्ज-विनंत्यांची मोठी लढाई झाली. त्या पोरांनी मैदान 'मोकळे' ठेवा असे मागितले नव्हते, क्रिकेटसाठी ठेवा असे मागितले होते. सांताक्रूझ पूर्वेचे गोळीबार हे नाव याच जातीचे. ते लष्कराच्या चांदमारीची आठवण सांगते, जसे पुण्यात स्वारगेटपुढचे गोळीबार मैदान सांगते. गोळ्या थांबल्या आणि मुंबईतल्या दाट वस्त्यांपैकी एक तिथे उभी राहिली. कलिन्यात लष्कराची छावणी अजून आहे, म्हणून तिथे अजून झाडे आहेत.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. विमानतळाला मोकळी जागा कसे म्हणायचे? सुमारे 1,850 एकरांभोवती भिंत आणि काटेरी तार आहे, सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येत नाही, आणि आतली बरीच जमीन धावपट्ट्या, टॅक्सीमार्ग आणि इमारतींखाली काँक्रीट झाली आहे. शिवाय विमानतळाने नदीही वाकवली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन येणारी मिठी धावपट्टीच्या टोकाशी येते, तिथे तिला काटकोनात वळवून विमानांच्या वाटेखालून काढले आहे. 2005 च्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने मिठीच्या पात्रातल्या अशा अडथळ्यांचा हिशेब मांडला. हे सगळे खरे आहे आणि त्याने माझे म्हणणे अधिक काटेकोर होते. काम जमीन मोकळी ठेवते, पण त्या कामाला लागेल तेवढीच आणि लागेल तशीच. विमानाला सपाट जमीन आणि उघडे आकाश हवे. ते त्याने राखले. पाणी त्याला नको होते; ते त्याने ढकलून दिले. लोक नको होते. ते भिंतीबाहेर ठेवले. पाण्यासाठी मोकळी, खेळण्यासाठी मोकळी, पाहण्यासाठी मोकळी आणि येण्याजाण्यासाठी मोकळी या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. भातखाचर पहिली होती पण चौथी नव्हती. विमानतळ तिसरी आहे. जिमखान्याचे मैदान दुसरी आहे, पण सभासदांपुरती. आराखड्याच्या रंगात मात्र यांतला भेद पुसट होतो, आणि मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटर मोकळी जागा आहे की त्याहून जास्त, या वादातला बराचसा गोंधळ कशाला मोजायचे या प्रश्नातून येतो.

आकाशाचे राखणेही कोणाला तरी भोवतेच. धावपट्टीच्या टोकांपासून नरसाळ्यासारखा पसरत जाणारा फनेल झोन सांताक्रूझ, पार्ले, कुर्ला, घाटकोपर यांच्या डोक्यावरून जातो. त्या पट्ट्यात इमारतीची उंची ठराविक मर्यादेपलीकडे नेता येत नाही. पन्नास वर्षे जुन्या इमारतींना पुनर्विकासासाठी बिल्डर मिळत नाही, कारण वरचे मजले विकायला नाहीत. त्या रहिवाशांना 'मोकळे आकाश' ही शोभेची गोष्ट नाही. गळक्या गच्चीच्या रूपाने ते त्याची किंमत मोजतात. भरपाई मागण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण त्यांच्या कहाणीतूनही तीच गोष्ट दिसते. मुंबईत उंचीची मर्यादा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाकली आहे. फनेलमध्ये ती तशी वाकत नाही, कारण तिथे रोज विमान उतरते.

आता 'ओपन'च्या जोडीच्या 'व्हेकंट', म्हणजे रिकामी, या शब्दाकडे यायला हवे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत 500 चौरस मीटरांवरची रिकामी जमीन सरकारकडे घ्यायची असे ठरवले. हेतू चांगला होता, गरिबांना घरे मिळावीत. पण कायद्यातली रिकाम्या जमिनीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मुख्यतः शेतीखाली असलेली जमीन तिच्यातून वगळली, आणि बांधकाम नियमांप्रमाणे जिच्यावर इमारत बांधता येत नाही तीही वगळली. म्हणजे रिकामी जमीन कोणती, तर जिच्यावर बांधता येईल पण अजून बांधलेले नाही ती. या व्याख्येत रिकामेपणाला स्वतःचे काही रूप नाही. ती इमारतीची पूर्वावस्था आहे. महाराष्ट्राने हा कायदा नोव्हेंबर 2007 मध्ये मागे घेतला. त्याने गरिबांना किती घरे दिली हा वाद अजून मिटलेला नाही, पण मोकळ्या जमिनीकडे पाहण्याची ती नजर कायद्याबरोबर गेली नाही.

त्याच सुमारास, 1977 मध्ये, एमएमआरडीए वांद्रे-कुर्ला संकुलासाठी विशेष नियोजन प्राधिकरण झाले. मिठी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या कडेची 370 हेक्टर सखल, दलदलीची जमीन. दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी हलवायची हा उद्देश. इथे नेहमीचा प्रश्न विचारला जातो: लाखो माणसे शहरात येत होती, त्यांना कुठे ठेवायचे? मोकळी जमीन राखणे ही ज्यांना घर आहे त्यांची चैन नव्हे काय? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण तो सांताक्रूझच्या बाबतीत चुकीच्या दारी ठोठावला जातो. वांद्रे-कुर्ला संकुलात आले ते बँका, वित्तसंस्था, हिरेबाजार आणि वकिलाती. बेघर माणूस गोळीबार, वाकोला, विमानतळाची भिंत आणि मिठीचा काठ इथे राहिला, आणि 2005 साली पाणी पहिल्यांदा त्याच्याच घरात शिरले. दलदल बुजवली ती त्याच्या नावाने नव्हे, आणि बुजवल्याचा भुर्दंड मात्र त्याच्याकडून वसूल झाला. त्याच कलिन्यात मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे, दोनशेहून अधिक एकरांची. तिथली हिरवळ टिकली, कारण ती जमीन शिकण्या-शिकवण्यासाठी राखलेली होती. आणि रस्ता, पूल, इमारत यांची मागणी तिच्याकडे वळते तीही 'तिथे पुष्कळ जागा रिकामी आहे' याच वाक्याने.

एका शब्दावर किती जमीन फिरते याचा मोठा धडा मात्र सांताक्रूझबाहेर, गिरणगावात मिळाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाप्रमाणे बंद गिरणीची जमीन विकासाला काढायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या 'मोकळ्या' जमिनीची राहिली. ज्या जमिनीवर शेड होती ती मोकळी नव्हे. शेड पाडली तरी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये मान्य केला. सुमारे 600 एकर गिरणीजमिनीतून शहराच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. याच न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर प्रकरणात उलट बाजूने सांगितले की, सोसायटीसाठी सोडायचे मनोरंजन मैदान जमिनीवरच हवे, पार्किंगच्या पोडियमवर नेऊन चालणार नाही. तोवर बिल्डर सहाव्या मजल्यावर हिरवळ अंथरून तिला ओपन स्पेस म्हणत होते. नियमाच्या अक्षरात त्यांचे फारसे चुकतही नव्हते. वर इमारत नसली की झाले. आणि सामासिक अंतर कमी पडले तर? त्यासाठी पालिका 'ओपन स्पेस डेफिशियन्सी'चे अधिमूल्य घेते. नसलेल्या मोकळ्या जागेचे पैसे भरून ती नसल्याची परवानगी मिळते. 2021 मध्ये तर राज्य सरकारने बांधकाम क्षेत्राला उभारी म्हणून अधिमूल्यांत निम्मी सूट दिली.

शेवटचा आक्षेप नगररचनाकारांचा. ते म्हणतील, हा शब्द तुम्हाला पोकळ वाटतो, पण तो नसता तर उपनगरांत एक बागही राहिली नसती. 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे पालिकेत आली तेव्हा आरक्षणाचा शिक्का हेच एकमेव हत्यार हातात होते. हे मान्यच करायला हवे. 1960 च्या दशकातल्या पहिल्या विकास आराखड्याने आणि 1991 च्या दुसऱ्याने राखलेल्या भूखंडांवरच आज सांताक्रूझची मुले खेळतात. पण आरक्षण हे कागदावरचे वचन आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या 127व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांत भूखंड ताब्यात घेतला नाही तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. पालिकेने ताब्यात घेतलेले दोनशेहून अधिक भूखंड सांभाळायला संस्थांना दिले, आणि त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले; 2016 मध्ये त्यावरून गदारोळ झाला, धोरणाला स्थगिती मिळाली आणि भूखंड परत घेण्याची मोहीम निघाली. कोणता भूखंड टिकला आणि कोणता गेला, याचे उत्तर शोधत गेले तर बहुधा हेच सापडते की, जिथे रोज संध्याकाळी क्रिकेट, कबड्डी, गणपतीचा मंडप, सकाळचे फिरणारे असा राबता होता तो टिकला. जिथे नुसती पाटी होती तिथे आधी डेब्रिज आले, मग भिंत आली.

म्हणून मला आरक्षणाचा शब्द काढून टाकायचा नाही, भरायचा आहे. ज्या भूखंडावर पावसाचे पाणी थांबते त्याचे आरक्षण पाणी थांबण्यासाठी म्हणून लिहावे, आणि तिथे भराव घालणे हा आरक्षणाचा भंग धरावा. खेळाचे मैदान खेळाचे, कोळ्यांची मासळी सुकवायची जागा मासळीची, खाजण खाजणाचे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे 2024 मध्ये घरबांधणीसाठी द्यायचे ठरले, तेव्हाही तिथे मीठ पिकत नाही, जमीन पडून आहे, हाच युक्तिवाद होता. भरतीचे आणि पावसाचे पाणी त्या वाफ्यांत मावते, हे काम कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते. सध्याचा आराखडा 2034 पर्यंतचा आहे. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, तेव्हा हजारो नागरिकांनी आपल्या गल्लीतले रस्ते, शाळा, चर्च, मैदान चुकीचे दाखवल्याच्या लेखी हरकती दिल्या आणि दोन महिन्यांत सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढचा मसुदा येईल तेव्हा नकाशावरचा हिरवा रंग पाहून थांबू नका. आपल्या भागातल्या प्रत्येक हिरव्या तुकड्यापुढे तक्त्यात कोणते काम लिहिले आहे ते वाचा, आणि रकाना कोरा असेल तर तेवढीच एक हरकत मुदतीत, सही करून द्या.